बियाची नागली

आये, काल पाचवीच्या मुलांना गुणाकार घालून मी खिडकीशी उभी होते. बाहेर टळटळीत ऊन, आणि मला मात्र सूर्यमाळचा आपला उतार धुक्यात भिजलेला दिसायला लागला. गुडघाभर नागली, वाऱ्याने एकाच बाजूला झुकलेली. तू वाकून निंदते आहेस, वर बघत नाहीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या डोळ्यांपुढे तू कायम निंदतच असतेस. जरा बसावं की कधी!

नोकरी लागली त्या वर्षी मी किती शहाणी झाले होते, आठवतं? तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस आणि मी वहीत मांडते आहे: पालापाचोळा पेटवून रोपांसाठी राब भाजायचे दिवस, लावणीचे, निंदणीचे, झोडणीचे. दर दिवसाची मजुरी धरून मी थाटात जाहीर केलं, की नागली हा आतबट्ट्याचा धंदा आहे, दुकानातला तांदूळ परवडतो. तू भाकरी उलटलीस. "माझी मजुरी तू कोणाला देणार व्हतीस गं?" म्हणालीस. मग हसू आवरत, "कणगीत नागली हाये म्हून होळीपत्तूर मला वीटभट्टीवर जावं लागत नाय. ते कंच्या रकान्यात लिवलंस?" माझ्या वहीत तसा रकानाच नव्हता. लाज वाटली, रागही आला. मी वही मिटून टाकली.

आता शिरपामाळ बघायला गाड्या घेऊन येणारे लोक नागलीचं पीठ मागतात. तुझा धाकटा म्हणतो, पडीक टाकलेला उतार यंदा पुन्हा लावू. राब भाजूनही झालाय. परवा तो माझ्याकडे जव्हारला आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "आयेचं बी तुझ्याकडं हाये ना? आपल्या उताराला तेच धरतं." तू गेल्यावर चुलीवरच्या धुरात टांगलेलं ते गाठोडं मीच इकडे आणलं. दरवर्षी परसात थोडं पेरून मी ते जितं ठेवलं असेल, अशी त्याची खात्री. बियाची नागली दळायची नाही, ही तुझी शिस्त त्यालाही ठाऊक आहे. एका पावसाळ्यात कणगीचा तळ लागला, तर तू शेजारून पीठ उसनं आणलंस, पण गाठोड्याला हात लावला नाहीस.

मी म्हणाले, "आहे ना, काढून ठेवते." तो खुशीत गेला.

आये, ते नाही. तू गेलीस त्याच उन्हाळ्यात मला तुझ्या चुलीवरच्या भाकरीची अशी ओढ लागली, की मी ते गाठोडं गिरणीत नेलं. मूठभरही ठेवलं नाही. हे सांगायला हवं धाकट्याला, आणि लिहीत बसले आहे तुला, कारण तू काही उठून बोलणार नाहीस. हा कागद टपालात टाकायचा नाहीच. पण आता लपवून काय करू? तीन दिवस खाल्ल्या, आणि भाकऱ्या फार चांगल्या झाल्या होत्या.