टपरीवरची अकरा मिनिटं

वैशाली, गाझियाबाद
१५ ऑक्टोबर २००६

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला माझा नमस्कार सांग आणि शार्दूलला आशीर्वाद. त्याचं बारावीचं वर्ष, त्यामुळे तुमच्याकडे यंदा दिवाळीत फारशी गडबड नसेल. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून म्हटलं पत्रच लिहावं.

इकडे सगळं ठीक आहे. विलासचं ऑफिस नोएडाहून गुडगावला हललंय. सकाळी साडेसातला बाहेर पडतो आणि परत येतो तेव्हा त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. समोर आणखी एक मॉल उभा राहतोय. दिवसभर धूळ. आईचा खोकला त्यामुळेच आहे, डॉक्टरांनी छाती स्वच्छ असल्याचं सांगितलंय, काळजी करू नकोस. सकाळी ती खालच्या पार्कात तीन फेऱ्या मारते. पंजाबी बायकांशी हिंदीत बोलते आणि मध्येच मराठीवर येते, त्यांनाही ते चालतं.

तुझं पार्सल मिळालं. ‘करवंदीचं रान’ची डीव्हीडी हातात घेताना खरंच बरं वाटलं. इतकी वर्षं फक्त खराब कॅसेटवर पाहिलेला सिनेमा, आणि आता तुझ्याच कंपनीने, तुझ्याच देखरेखीखाली काढला. आमच्या पूर्वीनेही आमच्याबरोबर पाहिला. अर्ध्यात तिने विचारलं, करवंद म्हणजे काय? मी जामुनसारखं असतं म्हणून सांगितलं. ते काही बरोबर नाही, पण दिल्लीत वाढलेल्या मुलीला दुसरं काय सांगणार.

आमचा जुन्या मराठी सिनेमांचा ग्रुप तुला माहीत आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सात जण कुणाच्या तरी घरी जमतो, कॅसेट आणि सीडी बदलतो, वाद घालतो. भालचंद्रकाका दांडेकर त्यात सगळ्यांत मोठे. रेल्वेतून निवृत्त झाले, बासष्ट सालापासून दिल्लीत आहेत. इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीसाठी आणि सभासदांसाठी साठ प्रती मागवायच्या की नाही, हे मंडळाने आमच्यावर सोपवलंय. पाच तारखेला आमच्याकडे बैठक आहे, तेव्हा ठरेल.

त्याआधी एक विचारायचं होतं. डीव्हीडीच्या मागे लांबी दोन तास वीस मिनिटं लिहिली आहे. मी घड्याळ लावून पाहिलं, दोन तास नऊ मिनिटं भरतात. माझ्या प्लेअरचा दोष असू शकतो. तरी तू एकदा बघशील का?

आईनेही पाहिला. चित्र फार स्वच्छ झालंय म्हणाली.

सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.

तुझी,
विजू


वैशाली, गाझियाबाद
१४ नोव्हेंबर २००६

दादा,

भाऊबीजेची साडी मिळाली, तिच्यासोबतची तुझी चार ओळींची चिठ्ठीही. ‘मूळ प्रिंटचं एक रीळ खराब होतं. अकरा मिनिटांनी सिनेमाचं काही बिघडत नाही. आईला आता या वयात त्या गोष्टीची आठवण कशाला. साठ प्रतींचं पक्कं कळव.’

मागच्या पत्रात मी अकरा हा आकडा लिहिला नव्हता, वजाबाकी तू केलीस. आणि आईला कुठल्या गोष्टीची आठवण नको, हेही मी विचारलं नव्हतं. तेव्हा आता आपण दोघांनी आडून बोलणं सोडून देऊ.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. चित्र स्वच्छ झालंय असं आई म्हणाली नाही. सिनेमा बघायला ती सकाळपासून तयार होऊन बसली होती. नवा चष्मा, इस्त्रीची साडी. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि ती माझ्याकडे आली, तेव्हापासून मी तिला माझी कॅसेट एकदाही दाखवली नव्हती. ते का, ते पुढे लिहिते. घाट आला, नायिका घर सोडून निघाली, एसटीत बसली. आई पुढे सरकली. आणि एसटी थेट शहराच्या स्टँडवर जाऊन थांबली. ती म्हणाली, “टपरी गेली.” चष्मा काढून पदराला पुसला आणि मेथी निवडायला आत गेली. पूर्वीने मला विचारलं, आजी कुठली टपरी म्हणते? मी म्हटलं, काही नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण आपल्या घरात हे कधी कुणी मोठ्याने बोललं नाही. मी तेव्हा तीन वर्षांची होते, तू सात. वाईजवळ त्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. घाटात चहाची टपरी चालवणाऱ्या बाईचं काम करणारी नटी आजारी पडली. आई शाळेत शिकवायची आणि गॅदरिंगची नाटकं बसवायची, म्हणून कुणीतरी तिचं नाव सुचवलं. दोन दिवसांचं काम. ही टपरीवाली म्हणजे नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई. नायिकेला चहा देते, शेजारी बसून बिडी ओढते आणि आपली हकिकत सांगते. शेवटी हसते. बाबांनी आपलं आडनाव लावायचं नाही अशी अट घातली, म्हणून सिनेमाच्या पाटीवर माहेरचं नाव आलं, कुमुदिनी रिसबूड. सिनेमा लागल्यावर आजी दोन वर्षं तिच्या हातचं जेवली नाही, शाळेने तिला कामावरून काढलं, आणि घरात त्या सिनेमाचं नाव काढायचं बंद झालं. त्यानंतर आईने कधीही काम केलं नाही.

मला हे सगळं माहीतच नव्हतं. लग्न होऊन दिल्लीला आले, आम्ही नवा व्हीसीआर घेतला, आणि एक्याण्णव साली एका रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपटात हा लागला. मी सहज रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. टपरी आली आणि समोर माझी आई, माझ्यापेक्षा जेमतेम दोन-चार वर्षांनी मोठी, बिडी पेटवत होती. मी घाबरले, दादा. विलासला सुद्धा आठवड्याने सांगितलं. त्या दिवाळीत तुला विचारलं, तेव्हा तू माझ्यावर ओरडलास आणि मग शाळेतलं सांगितलंस. पोरं तुला ‘बिडीवालीचा’ म्हणायची. एकदा नळाजवळ धरून मारलं, वरचा दात पडला. ते मी विसरलेले नाही. म्हणूनच इतकी वर्षं गप्प बसले.

आता पाच तारखेचं.

आधी सगळ्यांनी तुझी डीव्हीडी पाहिली. खोटं का बोलू, सगळे खूश झाले. भालचंद्रकाका म्हणाले, करवंदीची पानं आज पहिल्यांदा सुटी सुटी दिसली, आजवर नुसता काळा ढीग दिसायचा. मग माझी कॅसेट लावली. मुंग्या आल्यासारखं चित्र, खाली इंग्रजी अक्षरं, पण टपरी होती.

त्यावर वाद सुरू झाला. हेमांगी आमच्यात सगळ्यांत लहान, पुण्याची, गुडगावला आयटीत आहे. तिचं म्हणणं, घ्यावी. ही खपली नाही तर पुढचा जुना मराठी सिनेमा कोण काढणार? तिच्या ऑफिसातल्या मुलांना काही नसण्यापेक्षा एवढं तरी बघायला मिळेल. तिचं चूक नव्हतं. दोघे-तिघे तिच्या बाजूने झाले. काकाही डळमळले. खराब रीळ असेल तर बिचारी कंपनी काय करणार, असं त्यांनीच म्हटलं. मी तुझी चिठ्ठी आत कपाटात ठेवून बाहेर चिवडा वाढत होते.

काकांना श्रेयनामावली वाचायची सवय आहे. त्यांनी पुन्हा डीव्हीडी लावली आणि सहकलाकारांच्या पाटीवर थांबवली. मग कॅसेट तिथेच आणली. कॅसेटमध्ये सहा नावं, डीव्हीडीत पाच. कुमुदिनी रिसबूड नाही, आणि खालचं नाव वर सरकवून जागा भरलेली. काका म्हणाले, “रीळ खराब झालं म्हणून पाटीवरची एकच ओळ जात नाही. हे कुणीतरी बसून केलंय. या बाईशी एवढं वैर कुणाचं असेल?”

मी चिवड्याचा डबा हातात धरून उभी होते.

दादा, या ग्रुपमध्ये मी सात वर्षं आहे. या सात वर्षांत त्या टपरीवरच्या बाईबद्दल किती बोलणं झालंय, तुला कल्पना नाही. एका सिनेमानंतर ती गेली कुठे, तिने पुढे काही का केलं नाही, वारली असेल का. मी ऐकत राहिले. आई माझ्याकडे राहायला आल्यावर बैठक आमच्याकडे असली की मी तिला मंदिरात पाठवायचे, नाहीतर आतल्या खोलीत टीव्ही लावून द्यायचे. बाबा हयात होते तोवर बाबांची भीती हे कारण होतं. त्यानंतर काही कारण नव्हतं, नुसती सवय होती. तू तिला काढलंस ते एकदा. मी दर महिन्याला काढत होते. काकांच्या प्रश्नावर मला तुझा राग आला, पण त्याच्या आधी स्वतःची लाज वाटली.

मी म्हटलं, “ती माझी आई आहे. आत स्वयंपाकघरात आहे.”

काकांचे गुडघे गेलेत, त्यांना उठायला दोन माणसं लागतात. ते एकटे उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि आईला नमस्कार केला. मग काय विचारावं त्यांनी? चौतीस वर्षं त्यांना एक शंका होती. शेवटचं ते हसणं दिग्दर्शकाने सांगितलेलं होतं का?

आई म्हणाली, “नाही हो. चहा उतू गेला, म्हणून हसू आलं. त्यांनी ते तसंच ठेवलं.”

काका दारातच रडायला लागले. आईने त्यांना बसायला स्टूल दिलं.

नंतर ती बाहेर आली आणि तासभर बोलत होती. माझी आई इतकी बोलते, हे मला अडतिसाव्या वर्षी कळलं. बिडी म्हणून तिला कागदाची सुरळी दिली होती, तिने गाडीवानाकडून खरी मागून घेतली. पहिल्या झुरक्याला ठसका लागला, चौथ्याला जमलं. पूर्वीने तिच्या पायाशीच बसकण मारली होती. हेमांगीने विचारलं की तुमचं हे काम सिनेमातून तुमच्याच घरच्या कुणी कापलं का. मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, “माझ्या मुलाने.” ती ते पहिल्याच दिवशी ओळखून होती.

पुढचं तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझ्यासाठी आहे. “पोरांनी सूर्याला मारलं तेव्हा मी शाळेत जाऊन भांडायला हवं होतं. घरच्यांना भिऊन गेले नाही. ते माझं चुकलं. पण बिडी ओढली त्याची मला तेव्हाही लाज वाटली नव्हती, आजही नाही.”

साठ प्रतींचं उत्तर आता देते. एकही नको. हेमांगीनेच आधी हात वर केला. तुझ्या कंपनीला सात जणांच्या सह्यांचं पत्र काल गेलं, दोन्ही पाट्यांचे फोटो जोडून. संपूर्ण आवृत्ती काढा, आमची कॅसेट वापरायची तर वापरा, नाव परत पाटीवर घाला. इंटरनेटवर जुन्या सिनेमावाल्यांची जी चर्चा चालते तिथेही हेमांगीने हे सगळं लिहिलंय आणि मुंबई-पुण्याकडून उत्तरं येताहेत. त्यात तुझं नाव कुठेही नाही. मी घालणार होते. आईने घालू दिलं नाही. पण वरून चौकशी आली तर ती तुझ्याच टेबलावर येणार हे मला कळतं. तुझी नोकरी अडचणीत येईल या विचाराने दोन दिवस अन्न गेलं नाही, तरीही सही केली आणि उद्या पुन्हा करावी लागली तर पुन्हा करीन. तुझा दात पाडला तो त्या पोरांनी, दादा. आईने नाही. तू हिशेब चुकीच्या माणसाशी मिटवलास.

विलास म्हणाला, भावाला असं लिहिशील तर माहेर तुटेल. मी त्याला सांगितलं, माझं माहेर माझ्या घरात राहतं, मेथी निवडतं आणि खोकतं.

तीन डिसेंबरला, रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही माझी कॅसेट दाखवतोय, मुंग्यांसकट. काका आईची ओळख करून देणार आहेत. त्यांनी विचारलं, कुठलं नाव सांगू? आईने रिसबूड सांगायला सांगितलं. बोलण्याची तयारी तिने दोनदा पूर्वीसमोर केली, आणि प्रत्येक अवघड शब्दाला पूर्वी अडवते म्हणून तिला रागावली. वहिनीला आणि शार्दूललाही आण. त्याने आपली आजी सव्वीस वर्षांची असताना बघितली पाहिजे.

पत्र बंद करण्याआधी आईला विचारलं, दादाला काही लिहू का. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “त्याला म्हणावं, ये. पुढे बसायला नको वाटलं तर मागच्या रांगेत बस. फक्त मध्येच उठून जाऊ नकोस.”

तुझीच, पण आता गप्प न बसणारी,
विजया