मरून बॅगेचा आतला कप्पा

शनिवार पेठ, पुणे
बुधवार, दुपार

प्रिय तनुजा,

आधी एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात सैल होईल. बॅगेची चेन बिघडलेली नाही. सोमवारी तू फोन करून म्हणालीस, आम्ही कूर्गला चाललोय, मरून बॅग देशील ना, तेव्हा मी चेन अडकते म्हणून ठोकून दिलं. तू बिचारी तीही दुरुस्त करून आणायला निघाली होतीस. चेन ठणठणीत आहे. मला बॅग द्यायची नव्हती, कारण तू कूर्ग बघायला जातच नाहीयेस. रविवारी दीपमालाच्या स्वरालीचं लग्न आहे आणि त्या दिवशी पुण्यातच नको, म्हणून तू निघाली आहेस. दीपमालाने तुझं गुपित फोडलं असं धरून बसली आहेस. पाचवीपासून एका बाकावर बसलेल्या आपण तिघी, आणि तिच्या एकुलत्या एका मुलीच्या डोक्यावर तू अक्षता टाकणार नाहीस. म्हणून हे पत्र. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, मी मध्येच भाजीचे भाव विचारले असते.

पण त्याआधी बॅगेचं बोलू दे, बरीच वर्षं साठलंय. दोन हजार अकरा साली लक्ष्मी रोडवरून मी ती हौसेने आणली, मनालीला जायचं म्हणून. निघायच्या आदल्या आठवड्यात सासरे न्हाणीघरात पडले, बुकिंग रद्द झालं, आणि पुढे यांनी तो विषय कधी काढला नाही. मी काढला की म्हणायचे, मोबाइलवर सगळं दिसतं की, वर थंडीही वाजत नाही. बॅग माळ्यावर गेली. मग एक दिवस तू मागायला आलीस, आणि तेव्हापासून ती अकरा ठिकाणं हिंडून आली. केरळ, राजस्थान, अंदमान, एकदा तर व्हिएतनाम. तुझ्या फोटोत कुठल्यातरी कोपऱ्यात ती उभी असते, हॉटेलच्या दारात नाहीतर विमानतळावर, आणि मी चष्मा पुसून आधी तिला शोधते. स्वतःच्या बॅगेवर जळणारी बाई बघितली नसशील तर शनिवार पेठेत ये. माझी धाव एवढ्या वर्षांत आळंदीच्या पुढे गेलेली नाही, आणि आळंदीला बॅग लागत नाही.

तुझा हेवा मी मन लावून केला, तनुजा. तुझ्या प्रत्येक फोटोला पहिला बदाम माझा असायचा, तू कौतुकाने सगळ्यांना सांगायचीस. तो बदाम टाकताना माझे दात आवळलेले असायचे, ते फोटोत दिसत नाही ना. यंदा मे महिन्यात तू मनालीला गेलीस. माझ्या मनालीला, माझी बॅग घेऊन. दीपमाला आणि तिचे यजमान त्याच टूरमध्ये होते. पहिल्या दिवशी तू तिथला भाड्याचा पोशाख घालून, मांडीवर पांढरा ससा घेऊन बसलेली. मग रोज सकाळी नवीन काहीतरी, कधी बर्फ, कधी नदी, कधी देवदार, आणि मध्ये मध्ये हसणारी तू. खाली लिहिलं होतंस, स्वर्ग म्हणतात तो हाच. मी फोन यांच्यापुढे धरला. यांनी पेपर जरा खाली केला, बघितलं, म्हणाले ससा छान आलाय, आणि पेपर परत वर. त्या दिवशी आमटीत मी दोनदा मीठ घातलं.

जूनमध्ये तुझे बद्रीनाथराव बॅग परत द्यायला आले. दुसऱ्याची वस्तू रिकामी परत करायची नाही ही तुझ्या आईची शिस्त, म्हणून तू दर वेळी आतल्या चेनच्या कप्प्यात माझ्यासाठी काहीतरी ठेवतेस. वेलची, जयपूरची बांगडी, एकदा नुसतेच शिंपले. तू यायच्या ऐवजी ते आले, त्यांना या रीतीचं काय ठाऊक. अक्रोडाची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली आणि जिना उतरले. मी मात्र सवयीने कप्प्यात हात घातला. आत डॉक्टरची चिठ्ठी राहून गेली होती, तिथल्याच कुठल्यातरी दवाखान्यातली. तारीख सहलीच्या दुसऱ्या दिवसाची. घोटा मुरगळला आहे, पाच दिवस पाऊल टेकायचं नाही. म्हणजे बर्फ नाही, नदी नाही, देवदार नाहीत, नुसती हॉटेलची खोली.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका की मी उठून स्वतःसाठी आल्याचा चहा टाकला. म्हटलं, चला, एकदा तरी बरोबरी झाली. चहा पिता पिता चिठ्ठी उलटली. मागे बद्रीनाथरावांच्या अक्षरात रमीचे गुण मांडलेले. दोन रकाने, एकावर ‘तनू’ आणि दुसऱ्यावर ‘मी’. पाच दिवसांचे सत्तावीस डाव. एके ठिकाणी कंसात लिहिलंय, तनूने जोकर उशीखाली लपवला. मग मात्र मी कप खाली ठेवला.

बाहेर बर्फ पडलेला, सगळी टूर हिंडायला गेलेली, आणि तो माणूस पाच दिवस तुझ्या पायाशी बसून पत्ते पिसत होता. आमचे हे असते तर म्हणाले असते, तू पड जरा, मी पटकन बघून येतो. वाईट नाहीत गं ते, पण गेले असते. बर्फाचं काय, आज ना उद्या मीही एखाद्या टूरमध्ये नाव घालून बघून आले असते. उशीखालचा जोकर कुठून आणू? आणि तू तोच लपवलास. आम्हाला ससा दाखवलास. मी चौदा वर्षं चुकीच्या गोष्टीवर जळत होते, याचा मला फार राग आला.

पुढचं तुला माहीत आहे. दोन दिवसांनी सुशीलाने, जिच्या पोटात शाळेपासून काही राहिलं नाही, वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं की तनुजा, खोलीतून बर्फ छान दिसतो का गं, आणि खाली हसऱ्या तोंडांची रांग. अर्ध्या तासात तू ग्रुप सोडलास. आपल्या वर्गात पायाचं ठाऊक होतं एकट्या दीपमालाला, म्हणून तू तिचा फोन घेणं बंद केलंस. मला मात्र फोन करून तासभर रडलीस. मी म्हणाले, जाऊ दे, माणसं ओळखायला वेळ लागतो. हे मी म्हणाले, बरं का.

गेल्या गुरुवारी दीपमाला पत्रिका घेऊन आली होती. तेव्हा मला कळलं की ती रोज संध्याकाळी काढलेले फोटो तुझ्या खोलीत आणून दाखवायची, तुझं मन रमावं म्हणून, आणि त्यातलेच तू टाकायचीस. पाच महिने तिने हे कुणाकडे काढलं नव्हतं. निघताना चपला घालता घालता म्हणाली, “मी कुणाला काही बोलले नाही गं. पण ती मला विचारतसुद्धा नाही.” मी तिला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली, जिन्यापर्यंत सोडलं, आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही.

सुशीलाला मी सांगितलं, तनुजा. त्याच दुपारी, तो चहा बाजूला सारून. कुणाला बोलू नकोस हं, असंही बजावलं, आणि सुशीलाला असं बजावलं की काय होतं हे मला चांगलं ठाऊक होतं. तिला मी चिठ्ठीची पुढची बाजू वाचून दाखवली, मागची नाही. आज सकाळी दीपमालाकडे जाऊन मी हे कबूल केलं. ती एवढंच म्हणाली, तनूला सांग, बाकी काही नको. म्हणून बॅग यांच्या हाती तुझ्याकडे विश्रांतवाडीला पाठवते आहे. कूर्गला न्यायची असेल तर खुशाल ने, पण ते सोमवारी. रविवारी येरवड्याच्या कार्यालयात जा, मुहूर्त बारा सतराचा आहे. माझं तोंड बघवणार नसेल तर तसं कळव, मी घरी राहीन. डॉक्टरची चिठ्ठी होती तशी कप्प्यात ठेवली आहे. सत्ताविसाव्या डावात बद्रीनाथरावांचे गुण लिहिलेत, तुझे लिहायचे राहिलेत, ते लिहून टाका. मला हेवा वाटेल, तो काही जायचा नाही, पण या वेळी कुणाला फोन करणार नाही. आणि बॅग परत पाठवायचीच असं कधी तुझ्या मनात आलं, तर मी आधी कुठे हात घालेन ते तुला माहीत आहे.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
सुहासिनी