पाहुण्यांची पावती

शहरातून, ५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
विजयमालाचा सविनय जयभीम. वि.वि. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते.

गर्दीच्या वेळी जुन्या बाजारपेठेत खासगी गाडी आणायची तर शुल्क, आणि त्या पैशातून जास्तीच्या बसगाड्या, अशी आमच्या खात्याची योजना आहे. ती लोकांना पटवायचं काम माझ्याकडे. पहिल्या सभेत कुणी मला बोलूच दिलं नाही. १५ तारखेला शेवटची सभा. तीही उधळली तर योजना बासनात जाईल. बाबा, मला फार भीती वाटते. बससाठी ताटकळणाऱ्या बाया रोज पाहते, त्यांना काय तोंड दाखवू?

माया असू द्या.
तुमची विजयमाला

बोरी अरब, ९ फेब्रुवारी

चि. विजयमालास बाबाचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र वाचून जेवण गोड लागलं नाही. आपल्या ग्रामपंचायतीनं मागे बाजाराच्या दिवशी आत येणाऱ्या गाड्यांना पावती लावलती. वसुलीला वामनराव. पहिल्याच दिवशी त्यांच्या व्याह्याची जीप आली. पाहुण्याकडून पैसे कसे घ्यायचे, म्हणून सोडली. मग मामेभावाची, मग साडूची. इंदूबाई भाजीवालीनं टेम्पो रस्त्यातच आडवा लावला, म्हणे आमीच काहून भरावं? बोरीत कोण कोणाचा पाहुणा नाही! महिन्याभरात सगळेच पाहुणे झाले आणि रस्ता पुन्हा तुंबला.

तुमच्या योजनेत पाहुणे किती, ते आधी पाहून घे. बाकी तू घाबरट कधीपासून झालीस?

तुझे
बाबा

शहरातून, १६ फेब्रुवारी

ती. बाबांस जयभीम.

सुटले, बाबा! पाहुणे निघालेच. नगरसेवक, अधिकारी, आमचे साहेबसुद्धा, सगळ्यांना माफी होती. भांडून ती काढायला लावली. साहेब माझ्याशी बोलेनात.

सभेत पहिलाच प्रश्न आला, की साहेबांच्या गाडीचं काय? मी म्हटलं, बस आणि रुग्णवाहिका सोडून सगळे भरतील, साहेबही. साहेबांनी कसनुशी मान डोलावली आणि सभागृह खो खो हसलं. मग मात्र लोकांनी ऐकून घेतलं. वादावादी झालीच, पण तीन महिने करून पाहू, म्हणून बहुतेकांनी हात वर केले. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

निघताना एक आजोबा आले. म्हणाले, गाडी घरी ठेवतो, पण बस आली नाही तर तुमच्या दारात येऊन बसेन. मी त्यांना घराचा पत्ता लिहून दिला.

तब्येतीला जपा, आणि मला असंच रागवत राहा.
तुमची विजयमाला