तेजूचा गुडघा मी बरा केला

मेसईद, कतार
शुक्रवार

ती. नयनाताईस रंजनाचा वाकून नमस्कार.

तुझी पाठ कशी आहे? भावजींची साखर? आमचं बरं आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. फोन केला असता, पण मी फोन घेतला की हे शेजारी येऊन बसतात आणि माझं वाक्य मधूनच उचलतात. म्हणून पत्र. शेजारची नमिता नाशिकला निघालीय, तिच्या हाती देते. (तिला जेवायला ठेवून घे, पण सासूचं विचारू नकोस, रात्र जाईल.) माझी शाळा चौथीपर्यंतची, चुका पोटात घाल.

आपली तेजश्री अमेरिकेत कॉलेजच्या टीमकडून बास्केटबॉल खेळते हे तू सगळ्या कॉलनीला सांगून झालीयेस. आता पुढचं ऐक. डिसेंबरच्या सुरुवातीला उडी मारून खाली येताना तिचा गुडघा मुरगळला. तिथला नियम असा, की पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे. पण हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात दुखापत झाली, तोवर थोड्याच मॅच झालेल्या असल्या, आणि पोरगी पुढे अजिबात उतरली नाही, तर तो हंगाम धरत नाहीत. वर्ष शिल्लक राहतं. त्याला म्हणतात रेडशर्ट. (शर्ट लाल नसतो. मी विचारलं. शर्ट मिळतच नाही. मग नाव कशाला ठेवतात कोण जाणे.) म्हणजे नुसतं लंगडत बसायचं, एवढंच काम होतं. खेळतेय तोवर तिची फी कॉलेजच भरतं; बसली असती तर तिला हवं होतं ते फिजिओथेरपीचं पाचवं वर्षही कॉलेजनंच शिकवलं असतं.

पण बसू कोण देणार? नाताळच्या सुट्टीत ती इकडे आली. विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून येताना बघितली आणि माझा जीव खालीवर झाला. तिकडच्या डॉक्टरनं विश्रांती सांगितली होती. मला कुणाची विश्रांती बघवत नाही, तुला माहीत आहे. आंबेहळद उगाळली, तुरटी घातली, गरम लेप लावला, सकाळ-संध्याकाळ. वर तेल जिरवलं. तेजू ओरडायची, "मम्मी, स्टॉप! इट्स ओके!" मी म्हटलं, ओके नाही, भोपळा झालाय. जायच्या आत सूज उतरली, पोरगी जिने चढायला लागली. वरच्या मजल्यावरची ताहेरुन्निसा म्हणाली, "भाभी, आपके हाथ में शिफा है." म्हणजे हाताला गुण आहे. मी इतकी फुगले, की तिच्या सासूचेही गुडघे चोळून आले. (ते अजून तसेच आहेत. जो बरा व्हायला नको होता तोच नेमका झाला.)

तेजू परत गेली. तिथे तपासलं, कोचनं विचारलं जमेल का, ही म्हणाली हो. जानेवारीत एका मॅचला उतरली. आम्ही ताहेरुन्निसाकडे मोठ्या टीव्हीवर लावली होती. पोरगी धावली, बॉल जाळीत टाकला, मी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत ती खाली बसली. तोच गुडघा. ऑपरेशन झालं. आणि एवढ्याशा धावण्यावरून आख्खा हंगाम खेळली असं धरलं. अर्ज केला, नाही म्हणाले. खलास. आता एकच हंगाम उरला, आणि तो संपला की शिक्षणही तिथंच थांबलं.

ताई, मी वाईट काही केलं असतं तर निदान शिव्या खाऊन मोकळी झाले असते. हे तर चांगलं केलं. हळद जरा पातळ उगाळली असती, चार वेळा कंटाळा केला असता, तर पोरगी लंगडत गेली असती आणि वर्ष वाचलं असतं. जन्मात कधी आळस केला नाही, तो एकदा करायला हवा होता. हे म्हणतात, तुझ्या लेपानं काही होत नसतं, सूज आपोआपच उतरली. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. मला उलट जास्त राग येतो.

भावजींना नमस्कार. पाठीला जप.

तुझी
रंजना

ता. क. तेजूला यातलं काही विचारू नकोस.

आणखी ता. क. नाही, विचार. काल मी विचारलं गुडघा कसा आहे, तर म्हणाली, "नॉट टेलिंग यू, मम्मी. यू विल फिक्स इट." म्हणजे सांगत नाही, तू बरा करशील. शब्द मला कळले, पण हसून म्हणाली की चिडून, ते इंग्रजीत कळत नाही. तू शाळेत इंग्रजी शिकवलंस, तुला कळेल. तिला फोन लाव, माझा विषय काढ, आणि नीट ऐक. बाकी उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल, तेवढं एक कळव.