ताईला, टपाल सुरू झाल्याबद्दल

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (खराखुरा साष्टांग घालायची तयारी आहे, पण माझी कंबर सध्या अशी आहे की घातल्यावर उठवायला दोन माणसं लागतील. तेव्हा तूर्त कागदावरचाच गोड मानून घे.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे आणि माणूस तापानं फणफणत असला तरी तसंच लिहितो. मी मात्र आज ते अगदी खरं म्हणून लिहितोय. तीन आठवड्यांत आज पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? भाऊजींना विचारलं तर ते "बरी आहे" एवढंच म्हणाले. पण घराचं छप्पर उडालं तरी "जरा वारा सुटलाय" म्हणणारा माणूस तो, त्यांच्यावर किती विसंबायचं?

पत्र त्यांच्याच हाती देतोय. ते बसमध्ये उघडून वाचणार हे गृहीत धरून (भाऊजी, नमस्कार, चष्मा नाकावर नीट बसलाय ना?) तुला पाठ असलेल्या दोन गोष्टी त्यांच्यासाठी सांगून टाकतो. माझ्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. त्यावर मी हौसेनं एक बोर्ड चालवतो, म्हणजे अकरा सभासद आपापल्या घरून तिथे येतात, काहीबाही लिहितात, एकमेकांना उत्तरं देतात आणि रुसतात. असे हौशी लोकांचे बोर्ड आणखी चाळीसेक आहेत. त्या सगळ्यांचं टपाल एका मधल्या मशीनमधून जातं-येतं, त्याला हब म्हणतात, आणि ते हब तुमच्या जेवायच्या खोलीत भांड्यांच्या कपाटाशेजारी आहे. तुम्ही ज्याच्यावर टोपी ठेवता, तेच. एका बोर्डावरचं पत्र दुसऱ्या बोर्डावर जायचं म्हणजे ते ताईच्या हाताखालूनच जाणार.

आता मूळ दुखणं. माझा जुना कॉम्प्युटर अखेरच्या घटका मोजत होता, म्हणून मी नव्यावर लिनक्स नावाची वेगळीच प्रणाली घालायचं ठरवलं आणि तसं सार्वजनिक विभागात मोठ्या दिमाखात जाहीर केलं. त्यावर तू लिहिलंस, की चालतंय ते मोडू नये आणि मोडायचंच असेल तर आधी लॉग वाचायला शिकावं. (लॉग म्हणजे, भाऊजी, मशीन दिवसभरात आपण काय केलं ते लिहून ठेवतं ती वही.) तू थोरली म्हणून लिहिलंस हे मला कळत होतं, पण चाळीस बोर्डांसमोर लिहिलंस, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी खाली उत्तर ठोकलं, की एका वयानंतर काही माणसांना नवीन शिकायची भीती वाटते. तुला टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. मला ते माहीत होतं, निरोपाच्या दिवशी तुझ्या शेजारच्या खुर्चीत मीच बसलो होतो. वाक्य टाकल्यावर पाच मिनिटांत माझं मलाच लाजिरवाणं वाटलं, पण तोवर ते गेलं होतं. जुन्या मशीननं जीव सोडण्याआधी इमानेइतबारे पोचवलेलं ते शेवटचं टपाल.

दुसऱ्या दिवशी नव्या मशीनवर बोर्ड तासाभरात सुरू झाला. मला वाटलं, जिंकली लढाई. मग टपालाची व्यवस्था लावायला बसलो आणि पुढचे चार दिवस गिऱ्हाइकांना डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या डोळ्याला देत राहिलो. यात दोन प्रोग्रॅम असतात. एक नेणारा, तो हबवर जाऊन आपला गठ्ठा देतो आणि तिकडचा घेऊन येतो. दुसरा निवडणारा, तो आलेला गठ्ठा सोडून प्रत्येक पत्र ज्याच्या त्याच्या खणात टाकतो आणि जाणाऱ्या पत्रांचा नवा गठ्ठा बांधतो. दोघांच्या दोन वेगळ्या फायली, प्रत्येकीत शेकडो ओळी, आणि बहुतेक ओळींच्या आधी एक खूण. मी दोन दिवस त्या ओळी मन लावून बदलत होतो. तिसऱ्या दिवशी कळलं की त्या खुणेचा अर्थ 'ही ओळ वाचू नये' असा आहे. म्हणजे मी मशीनला जे जे सांगत होतो, ते आधी "ऐकू नकोस हं" असं बजावून सांगत होतो. (हसलीस ना? हस. मी तुझ्या जागी असतो तर शेजाऱ्यांना बोलावून हसलो असतो.)

खुणा काढल्या. मग माहितीपत्रकात सुरक्षिततेचा एक सल्ला होता, की नेणारा आणि निवडणारा यांना वेगवेगळ्या नावांनी कामावर ठेवावं, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावता येणार नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. तसंच केलं. मग चाचणी म्हणून मी माझ्या बोर्डावरून माझ्याच नावाला एक पत्र पाठवलं आणि ते क्षणात मला मिळालं. ताई, स्वतःचं पत्र स्वतःला मिळाल्याचा इतका आनंद शहाण्या माणसाला होऊ नये. आमचा सभासद कुलूपवाला दुकानात बसला होता, त्याला मी त्या आनंदात चहा पाजला. ते पत्र खोलीच्या बाहेरसुद्धा गेलं नव्हतं, हे त्याला कळलं नाही आणि मलाही नाही. राहता राहिला लॉग. मशीन फार बडबड करतंय म्हणून मी निवडणाऱ्याची वही बंदच करून टाकली. नेणारा तेवढा तासातासाला एक ओळ लिहायचा, 'हबशी भेट झाली, सगळं ठीक, नेण्यासारखं काही नाही.' यातल्या 'सगळं ठीक' वर माझी नजर जायची आणि मी वही मिटायचो.

त्याच आठवड्यात मी तुला खाजगी पत्र लिहिलं. चारच ओळी होत्या, पण त्या चार ओळींना दोन तास लागले. उत्तर नाही आलं. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. बाहेरून कुणाचंच काही येत नव्हतं हे खरं, पण माझ्या सभासदांना वाटलं जगात एकूण शांतता झालीय, आणि मला वाटलं तू सगळ्यांना सांगून मला वाळीत टाकलंयस. बायको रोज म्हणायची, फोन करा. मी म्हणायचो, मी लिहून माफी मागितलीय, उत्तरही लिहूनच यायला हवं. (तू फोन का केला नाहीस हे मी विचारत नाही, कारण तू उलटून तेच विचारशील. एकाच आईची लेकरं आपण.) दुकानात लोकांच्या डोळ्यांत बॅटरीचा झोत मारताना माझ्या मनात एकच विचार, की एका वाक्यापायी मी माझी बहीण घालवून बसलो. आणि वर तोंड करून म्हणायचो, तिला एवढं लागायला नको होतं.

आज सकाळी भाऊजी नंबर तपासायला आले. मी मुद्दाम तुझा विषय काढला नाही, त्यांनीही नाही. त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर ती तपासणीची जड चौकट चढवली, एक भिंग घालून विचारलं, हे बरं की मघाचं? ते अक्षरांच्या फलकाकडे बघतच म्हणाले,

"तिनं तुला पाच पत्रं लिहिली. एकाचं तरी उत्तर द्यायचंस."

माझ्या हातातलं भिंग खाली पडलं. (गालिच्यावर पडलं, शाबूत आहे.) मी म्हटलं, मला एकही मिळालं नाही, उलट तिनंच माझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. भाऊजींनी चौकटीतून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे त्या भिंगांतून लिंबाएवढे दिसत होते.

"रोज संध्याकाळी मशीन उघडते," ते म्हणाले, "तुझं काही आलंय का बघते, आणि बंद करते."

जन्मात ते माझ्याशी एका दमात एवढं बोलल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना तसंच खुर्चीत सोडून मागच्या खोलीत पळालो. (चौकट नाकावर तशीच होती. नंतर बायकोनं काढली.) निवडणाऱ्याची वही उघडून चालू केली आणि पाहिलं, तर तो बिचारा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहायला लागला, 'परवानगी नाही, परवानगी नाही.' नेणारा तीन आठवडे तुझ्याकडून गठ्ठे आणून ठेवत होता, पण ते त्याच्या नावावर, म्हणून निवडणाऱ्याला सोडता येत नव्हते. आणि निवडणारा आमचे गठ्ठे बांधून एका कप्प्यात ठेवत होता, तर नेणारा रोज भलत्याच कप्प्यात डोकावून 'नेण्यासारखं काही नाही' म्हणत होता, कारण दोघांच्या फायलींत मी दोन वेगवेगळे कप्पे लिहिले होते. सल्ला मी असा काही पाळला होता की टपालसुद्धा सुरक्षित राहिलं. दोघांना एका नावाखाली आणलं, कप्पा एक केला, आणि एका दमात तीनशे अकरा पत्रं खणांत जाऊन पडली. अडीच वाजता आमचा गठ्ठाही तुझ्याकडे गेला. आम्ही जेवलो ते तीन वाजता.

तुझी पाचही पत्रं वाचली. पहिलं भांडणाच्या दुसऱ्याच दिवसाचं, 'मीही सगळ्यांसमोर बोलायला नको होतं.' दुसऱ्यात माझ्या कमरेची चौकशी. तिसऱ्यात पुन्हा कंबर. चौथ्यात तू लिहिलंयस, की तुझ्याकडून गठ्ठे येत नाहीत, निवडणाऱ्याची वही उघडून परवानग्या बघ. म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच होती. आणि पाचव्यात तीन शब्द, 'बरं. तुझी मर्जी.' ते वाचून मला रडू आलं, ताई. भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले. पण रडताना सारखं हेच मनात, की ती गेलेली नव्हती, ती लिहीत होती. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ना, तो उतरताना मी अक्षरशः आवाज केला, बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली.

माझं माफीचं पत्र एव्हाना तुझ्याकडे पोचलं असेल. भाऊजींना पाचची बस गाठायचीय, ते बूट घालून समोर बसलेत आणि मी पान उलटलं की घड्याळ बघतात, म्हणून पुरे करतो. शेवटी घरातल्या मोठ्यांना नमस्कार लिहावा, पण तिथे मोठी तूच, तेव्हा पुन्हा तुलाच.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वर 'माफीचं पत्र' असं मी एकवचनी लिहिलंय. त्या गठ्ठ्यात तुझ्या नावाची माझी सात पत्रं आहेत. पहिलं माफीचं. दुसरं 'पहिलं मिळालं का'. तिसऱ्यापासून माझा तोल सुटत गेलाय. चौथ्यात तू लहानपणी माझी सायकल झाडावर आदळलीस त्याचा सविस्तर वृत्तान्त आहे, पाचव्यात दुसऱ्या हबकडे जाण्याची धमकी, सहाव्यात 'पत्र मिळालंच नाही अशी सबब सांगू नकोस' असं वाक्य आहे, आणि सातव्याची सुरुवात 'महोदया' अशी आहे. गठ्ठा गेल्यावर हे लक्षात आलं. आणि तू नेहमी सगळ्यात नवं पत्र आधी वाचतेस. खरं सांगायचं तर हे पत्र मी तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं. भाऊजी सातला घरी पोचतील, तोवर तू मशीन उघडलं नसशील एवढीच आशा. उघडल्यावर फक्त पहिलं वाच, बाकीची सहा न वाचता पुसून टाक.

ता. क. २. वरचं सगळं लिहीपर्यंत पाचची बस गेली. भाऊजींनी बूट काढले. आणि आत्ता, साडेपाचला, नेणाऱ्यानं तुझं पत्र आणलं, निवडणाऱ्यानं ते खणात टाकलं आणि मी उघडलं. 'सातही वाचली. शेवटचं आधी, सवयीप्रमाणे. महोदया वाचून तुला फोनवर झाडणार होते, पण म्हटलं आधी सगळी संपवू. त्यामुळे तुझं भांडणानं सुरू झालं आणि माफीवर संपलं. आता आणखी काही पाठवून क्रम बिघडवू नकोस.' हे मी भाऊजींना वाचून दाखवलं. ते "बरी आहे" म्हणाले.

ता. क. ३. तरी मी आणखी एक पाठवलंय, एवढ्यापुरती क्षमा कर. लागेल असं बोललो ते चाळीस बोर्डांसमोर, आणि माफी मागितली बंद पाकिटात, हे बरोबर नव्हे. म्हणून आत्ताच सार्वजनिक विभागात लिहिलं, की लॉग वाच असं ताईनं सांगितलं होतं, मी वाचला नाही, आणि शिकायची भीती तिला नव्हती, मला होती. ते सगळ्यांकडे जायचं म्हणजे तुझ्याच मशीनमधून, तुझ्याच हातून जाणार. तू आपली स्तुती दिसली की ती पुढे जाऊ देत नाहीस. एवढं एक जाऊ दे, ताई.