लष्करी कुटुंबांतील कटुता : एक पाहणी

अलिबाग, ८ सप्टेंबर १९६५. सकाळी सहा.
लढाई पेटली. आमच्या शिवदासची पलटण पंजाबात कुठेतरी आहे. मला चिंता नाही. मी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली आहे, आई असले तरी बावळट नाही. रिकामे बसण्यापेक्षा गावातल्या लष्करी कुटुंबांच्या मनःस्थितीवर शास्त्रीय संशोधन करणार. निबंध पुण्याला पाठवणार. सुरुवात आपल्याच घरापासून का, असे ह्यांनी विचारले. संशोधक स्वतःला तपासत नसतो, असे सुनावले.

१० सप्टेंबर
कोळीवाड्यात गेले. केसरचा नवरा नौदलात आहे. तिच्या शेजारच्या नसीबाचा लष्करात ट्रक चालवतो. दोघी मासळी निवडत होत्या. नवऱ्याची काळजी वाटते का, विचारले. केसर म्हणाली, काळजी कसली, मेल्याला दर्यानं गिलला तं दर्याचंच पोट दुखंल! नसीबा म्हणाली, आमच्या निगोड्याचं घोरणं ऐकूनच दुश्मन पळंल, बंदूक कशाला लागते? वर दोघी खिदळत होत्या. भयंकर.
निष्कर्ष : वैवाहिक संबंध अत्यंत कटू.
येताना पोस्टात डोकावले. तिकिटे हवी होती. काल नेलेली संपली का, असे मास्तरांनी विचारले. उद्धट माणूस.

१३ सप्टेंबर
केसरची सासू भागुबाई. तीसुद्धा पोटच्या पोराला बिनकामाचा बोंबील म्हणते! सगळा वाडाच बिघडलेला. उपाय ठरवला. बुधवारी सभा. प्रत्येकीने आपल्या माणसाबद्दल चार शब्द चांगले बोलायचे. प्रेमसुद्धा शिकवावे लागते.
रेडिओच्या बातम्या हे कान लावून ऐकतात. मी ऐकत नाही. मी फक्त त्यांच्या खुर्चीमागे उभी असते, त्यांनी मध्येच खोकू नये म्हणून.

१५ सप्टेंबर
सभा झाली. कोणी तोंड उघडेना. शेवटी नमुना म्हणून मीच बोलले. शिवदास गुणी, सत्यवचनी, निर्व्यसनी, आईला फुलासारखे जपणारा. फार सुंदर झाले. इतक्यात भागुबाईने धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला मासळीचा वास. म्हणाली, गप गो बाय! पितृपंधरवड्यात जित्या पोराचं गुण गातंस? माणूस दूर हाय तवर त्याला नावंच ठेवायची. गुणाचा हाय असं कळलं तं वरचा उचलून नेतो! नसीबाने माझ्यावरून बोटे उतरवून कडाकडा मोडली. मी अंधश्रद्धेवर भाषण दिले. ते ऐकायला कोणी थांबले नाही.

१६ सप्टेंबर
चहात मीठ पडले. डब्यांच्या जागा कोणी बदलल्या? ह्यांनी मुकाट्याने प्यायला. त्यांचा समंजसपणा मला सहन होत नाही.

१९ सप्टेंबर
अंधश्रद्धाच आहे. तरी शास्त्रीय दृष्टीने पाहता एवढे गुण एकदम सांगायला नको होते. अतिशयोक्तीच झाली. मॅट्रिकला गणितात तो आपटला होता. हे सांगायचे राहून गेले.

२४ सप्टेंबर
लढाई थांबली. केसरकडे आणि नसीबाकडे खुशाली आली. आमच्याकडे काही नाही.
संध्याकाळी कोळीवाड्यात गेले. संशोधनासाठीच. केसरने सरकून जागा दिली. म्हणाली, बस बाय, काय म्हनतो तुजा मेला? मी म्हटले, तो बेजबाबदार आहे. भागुबाई म्हणाली, येवढ्यानं काय व्हतंय? वर ऐकू गेला पायजे. नसीबाने मदत म्हणून त्याला बेवडा म्हटले. मी तिच्यावर ओरडले, की त्याने उभ्या जन्मात दारूला स्पर्श केलेला नाही! सगळ्यांनी कपाळाला हात लावले. बाय परत गुणच सांगते!
मग मी उभी राहिले. आळशी, घाणेरडा, कृतघ्न, आईला एक ओळ न लिहिणारा हलकट कार्टा, असे समुद्राकडे तोंड करून ओरडले. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी फिरायला आल्या होत्या, त्यांनीही ऐकले. शेवटी आवाज फुटला. खारा वारा होता. भागुबाईने पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, आता कसं!
निबंध रद्द. उद्या पुन्हा जायचे आहे. कार्ट्याचे बरेच दुर्गुण अजून सांगायचे राहिले आहेत.