पाणी मागतायत

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं गं एकदाचं! दीपगृहवाल्या म्हाताऱ्याची आपली ती जुनी ॲनिमे मालिका आता पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत मराठीत वाचता येते. सबटायटल्स लिहायला सुरुवात केली तेव्हा आम्ही पाच जण होतो. एकाचं लग्न झालं, दोघांना नोकऱ्या लागल्या, एक रुसला आणि फुकटची हमाली करायला मी उरलो. तुझी भावजय म्हणते, सवत परवडली असती.

आठवतं, लहानपणी टीव्हीसमोर तू सारखी माझी बाही ओढायचीस, काय म्हणाला, काय म्हणाला? मी वैतागायचो. आता कुणाची बाही ओढायला नको. तुला ऐकू येत नाही ते सगळं पडद्यावर खाली येतं. नुसतं बोलणं नाही, दार करकरलं तरी लिहिलंय, लांब कुठे कुत्रं भुंकलं तरी लिहिलंय. माणूस भराभर बोलला की वाचायला वेळ पुरत नाही, तेव्हा बोलणं छाटावं लागतं, मतलब तेवढा ठेवायचा. त्यात आता माझा हात बसलाय.

शेवटी पडदा काळा झाला की एकच ओळ येते, माझ्या ताईसाठी. बघ आणि कळव. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. असते तर म्हणाले असते, रिकामटेकडा.

लोभ आहेच, या खेपेला कौतुकही थोडं पाठव.

तुझा बोक्या


२० जून

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

मेसेज केला की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून पत्रच लिहिते. सगळे भाग पाहिले, शेवटचा दोनदा. काम चोख आहे, उगाच खोट काढणार नाही. शेवटी तो म्हातारा अंथरुणात पडून मुलीशी बोलतो, ते मला पाठ झालंय. दिवा कसा पुसायचा, आईची शाल कुठे ठेवलीय, सगळं. पण मला रडू नाही आलं रे, संताप आला. चित्रातल्या म्हाताऱ्याचे शेवटचे शब्द मला पाठ आहेत आणि माझ्या बापाचे ठाऊक नाहीत.

त्या दिवशी दवाखान्यात मी बाबांचा हात धरून बसले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ओठ दिसत नव्हते. पण मास्क हलत होता, बराच वेळ. तू आणि मावशी वाकून ऐकत होतात. मी तुझी बाही ओढली. तू म्हणालास, पाणी मागतायत. मी बाटली भरायला खाली गेले. परत आले तर चादर वरपर्यंत ओढलेली.

पाणी मागायला इतका वेळ लागतो का रे? जेवताना तुम्ही सगळे हसता, मी विचारते, तुम्ही म्हणता, काही नाही गं, नंतर सांगतो. ते नंतर जन्मात कधी आलं नाही. त्याचं मी सोडून दिलंय. पण बाबा काय म्हणाले ते मला हवंय. पूर्ण लिही, छाटू नकोस.

लोभ आहे, म्हणूनच विचारते.

ताई


२९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. इतकी वर्षं सुट्ट्या घालवल्या, पाठीची वाट लागली, चष्म्याचा नंबर वाढला, ते कुणासाठी? आणि तुला त्यात बाबांचा मास्क दिसावा? अगं, त्या वेळी मीच ठिकाणावर नव्हतो. तुला त्रास नको म्हणून तोंडाला आलं ते बोललो. आता उकरून काय मिळणार आहे? असल्या गोष्टी कागदावर लिहिता येत नाहीत. भेटलो की सांगेन सगळं, निवांत. मावशीला मात्र यात ओढू नकोस, तिचं वय झालंय.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

बोक्या


८ जुलै

चि. बोक्यास,
आशीर्वाद.

भेटलो की सांगेन म्हणजे नंतर सांगतो. ओळखते मी. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मावशीला लिहिलं. तिचा हात थरथरतो, तरी तिने सगळं लिहून पाठवलं.

बाबा म्हणत होते, हिला इथून उठू देऊ नका. हिचा हात असाच असू दे. पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. तू मला पाणी सांगितलंस. मी हात सोडवून उठले तेव्हा त्यांनी विचारलं, कुठे चालली ती? आणि तू त्यांना म्हणालास, काही नाही बाबा, येईल हं.

शेवटच्या भागाखालची ती ओळ काढून टाक. बाकीचं राहू दे. ऐकू न येणारी माणसं पुष्कळ आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

लोभाचं या वेळी लिहीत नाही.

ताई